चित्रपटाचा क्षीण आवाज, लॅपटॉपवरील

लॅपटॉपवर चित्रपट पाहताना आवाजाची पट्टी शंभर टक्क्यांना टेकवूनही संवाद ऐकू न येणे, ही सर्रास आढळणारी तक्रार. ‘आवाज कमी आहे’ हे तिचे निदान बहुधा अर्धवट असते. कमी असतो तो संवादांचा आवाज. त्याच चित्रपटात स्फोट किंवा पाठलाग सुरू झाला की कानठळ्या बसतात आणि पट्टी घाईघाईने खाली ओढावी लागते. दुखणे एकूण पातळीचे नसून हळू आणि मोठ्या आवाजांमधल्या अंतराचे, म्हणजे डायनॅमिक रेंजचे असते.

या अंतराचे मूळ चित्रपटगृहात आहे. ध्वनिमिश्रण करताना पडद्यामागची प्रत्येक वाहिनी ठराविक चाचणीध्वनीला ८५ डेसिबलवर लावलेली असते आणि प्रेक्षागृह शांत असते, त्यामुळे कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. घरी पाहण्यासाठीच्या मिश्रणातही अंतर पुष्कळ उरते. नेटफ्लिक्स संवादांची सरासरी पातळी −२७ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारी तीव्रता मोजण्याचे एकक) आसपास मागते, पण शिखराला −२ डेसिबलपर्यंत जाऊ देते. त्यात लॅपटॉपचे इवलेसे स्पीकर, बरेचदा तळाशी बसवलेले; यंत्र गादीवर ठेवले की त्यांची तोंडेच बंद होतात.

दुसरे कारण ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचा, ध्वनिपट्टा. त्यात संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. लॅपटॉपला स्पीकर दोनच, म्हणून मधली वाहिनी साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्या बाजूंत मिसळतात, आणि बेरीज कमाल मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून पुष्कळदा सगळेच मिश्रण आणखी खाली आणतात. फाइलमध्ये वेगळा स्टिरिओ पट्टा असेल तर तो निवडावा. निम्मे काम तिथेच होते.

विंडोजमध्ये आधी व्हॉल्यूम मिक्सर पाहावा, कारण प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी वेगळी असते. विंडोजच्याच ध्वनि-सेटिंगांत ‘कम्युनिकेशन्स’ नावाची एक दुर्लक्षित सोय आहे: कॉल चालू असल्याचे कळताच ती बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी उतरवते. मागे मीटिंग चालू राहिली असेल तर चित्रपट मुका का झाला याचे उत्तर इथे सापडते. ध्वनिचालकात ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ ही खूण असल्यास ती करून पाहावी. सगळ्या यंत्रांवर ती नसते.

पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थी-प्रकल्पातून निघालेल्या व्हीएलसी प्लेअरमध्ये आवाज शंभर टक्क्यांपलीकडे नेता येतो, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतात. पण नुसत्या वाढीने स्फोटही तितकाच वाढतो. डिजिटल आवाजाला ० डेसिबलचे छत असते. त्याला धडकलेल्या लहरींची टोके छाटली जातात आणि आवाज फाटतो. ब्राउझरमध्ये बसवायची ‘६०० टक्के’ छापाची एक्स्टेन्शने बहुधा एवढेच करतात, वर उघड्या पानांवरचा मजकूर वाचण्याची परवानगीही मागतात.

खरा उपाय त्याच व्हीएलसीत, ‘टूल्स’मधल्या ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’ खिडकीत आहे: कॉम्प्रेसर. समजा संवाद −३० डेसिबलवर आहेत आणि स्फोट −४ वर, अंतर २६. थ्रेशोल्ड −२० आणि रेशो ४ ठेवला की −२० च्या वर गेलेल्या आवाजाचा चौथाच हिस्सा उरतो. स्फोट १६ डेसिबल वर होता, तो ४ वर येतो, म्हणजे −१६ ला. संवाद उंबरठ्याखालचे, त्यांना हात लागत नाही. आता ‘मेकअप गेन’ १२ केला की स्फोट पुन्हा −४ ला आणि संवाद −१८ ला. १० डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट वाटते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. ‘रिलीज’, म्हणजे कॉम्प्रेसरने दाब सोडायला घेतलेला वेळ, फार कमी ठेवल्यास मात्र दोन वाक्यांमधल्या शांततेत पार्श्वभूमीची खरखर उसळ्या मारू लागते.

लिनक्सवर ग्नोममध्ये ‘ओव्हर-अ‍ॅम्प्लिफिकेशन’ चालू करून पट्टी शंभरापुढे नेता येते. छाटणीचा धोका तिथेही तोच.

काही चित्रपटांपुढे मात्र हे सगळे हात टेकते. क्रिस्टोफर नोलनच्या ‘टेनेट’विषयी (२०२०) संवाद कळत नसल्याची तक्रार चित्रपटगृहातूनच आली होती. मिश्रणातच संगीताखाली दबलेला संवाद कॉम्प्रेसर वेगळा काढू शकत नाही. तिथे सबटायटल बरे.

एकच फाइल पुन्हा पुन्हा पाहायची असेल तर एफएफएमपेग हे आज्ञा लिहून चालवायचे साधन वापरून तिचा ध्वनिपट्टा कायमचा सुधारता येतो. ‘डायनऑडनॉर्म’ हे फिल्टर हळू भाग तुकड्यातुकड्याने उचलते. ‘लाउडनॉर्म’ युरोपीय प्रसारणाच्या आर१२८ मानकानुसार पातळी लावते. दुसरे एकाच फेरीत चालवल्यास नमुनादर १९२ किलोहर्ट्झवर जाऊ शकतो, म्हणून आज्ञेत ४८००० हा आकडा स्पष्ट द्यावा. चित्र आहे तसे उतरवून घ्यायला सांगितले तर पूर्ण लांबीचा चित्रपटही बराच लवकर तयार होतो.