‘कोणी नाही’ हे यंत्राला कसं कळतं? : घरातल्या मोशन सेन्सरची गोष्ट



मागच्या व्याख्यानानंतर एक बाई मला थांबवून म्हणाल्या, “सर, गावाकडे आई एकटी असते. तिच्या घरात मोशन सेन्सर बसवायचेत. तुमच्याकडे आहेत म्हणे, कुठले घेऊ?” आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असा कामाचा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. मला बरं वाटलं. पण उत्तर पाच मिनिटांत देता येईना, म्हणून आजचं व्याख्यान. आयोजकांना विषय जरा विचित्र वाटला, पण त्यांनी ऐकलं माझं.

आधी माझी स्वतःची हकिगत सांगतो. मी पुण्यात एकटा राहतो, मुलगी परदेशात. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिनं घरात सहा सेन्सर लावले. खोलीत गेलं की दिवा लागतो, बाहेर पडलं की विझतो, आणि तिला तिकडे मोबाइलवर दिसतं की बाबा स्वयंपाकघरात आहेत, बाबा हॉलमध्ये आहेत. मला गंमत वाटली. मग एका सकाळी मी न्हाणीघरात घसरून पडलो. मनगटाला मार बसला, कंबर धरली, उठता येईना. तसाच पडून राहिलो. पाचएक मिनिटांनी दिवा विझला. कामाला येणाऱ्या मावशींकडे किल्ली असते, त्या दोन तासांनी आल्या. त्या दोन तासांत मुलीनं एकदा मोबाइल पाहिला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘बाथरूम : कोणी नाही’. तिला वाटलं, बाबा फिरायला गेले.

यंत्र बिघडलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. ज्या कामासाठी ते घडवलं गेलं, ते काम त्यानं चोख केलं. मग चुकलं काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

घराची राखण यंत्रावर सोपवायची कल्पना जुनीच. १८५३ साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी विजेच्या घंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की तारा जुळायच्या आणि घंटा वाजायची. दारावर बसवायचा आजचा सेन्सर मुळात तोच. पण त्याला हालचाल कळत नाही, कळतं ते दार. चोर कौलं काढून उतरला तर बिचारा गप्प.

खोलीतला माणूस ओळखणाऱ्या यंत्राची मुळं मात्र एका खड्यात आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून टुर्मलिन नावाचे खडे युरोपात नेले. नावही सिंहलीच. हा खडा विस्तवाजवळ नेला की राख ओढून घ्यायचा, म्हणून डच लोक त्याला ‘राख-ओढ्या’ म्हणत आणि चिलमीतली राख काढायला वापरत. १७५६ मध्ये एपिनस नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं की ही करामत विजेची आहे. खडा तापला की त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार येतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत इंग्लंडच्या जॉन कँटन यांनी जे ताडलं, ते आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं. खडा गरम असल्यानं वीज निर्माण होत नाही, गरम किंवा गार *होत असताना* ती होते. तापमान स्थिरावलं की खडा मुका. ‘असणं’ त्याला कळत नाही, ‘बदलणं’ तेवढं कळतं. १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणाला नाव दिलं, पायरोइलेक्ट्रिसिटी.

दुसरा धागा विल्यम हर्शेल यांचा. हे मूळचे संगीतकार, युरेनस ग्रह शोधणारे. १८०० साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश फोडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. न दिसणारा उजेड! आपण आज त्याला इन्फ्रारेड, अवरक्त म्हणतो. तुमच्या-माझ्या अंगातूनही तो सतत बाहेर पडतो. फक्त त्याची लहर लांब, सुमारे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

हे दोन धागे एकत्र विणले की आज बाजारात सगळ्यात जास्त खपणारा सेन्सर तयार होतो. त्याला पीआयआर म्हणतात. तो स्वतः काहीच सोडत नाही, नुसता येईल ती ऊब घेतो. आत पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी खोली एकदम तापली तर दोघांचं उत्तर एकमेकांना खोडतं, आणि माणूस एकाच्या नजरेतून दुसऱ्याच्या नजरेत गेला तरच खूण उमटते. पुढे जे दुधी, खवल्याखवल्यांचं प्लास्टिक दिसतं, ते भिंग आहे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२०च्या दशकात दीपगृहांसाठी केलेल्या भिंगाचं ते नातवंड. ते खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतं. म्हणून तुम्ही सेन्सरला आडवे गेलात की तो चटकन जागा होतो, आणि सरळ त्याच्याकडे चालत आलात तर उशिरा. बसवताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या तक्रारी मिटतात. काचेतून ही ऊब जात नाही, त्यामुळे काचेच्या दारामागे किंवा शोकेसमध्ये ठेवलेला सेन्सर आंधळा.

आता आमच्या नागपूरकडच्या श्रोत्यांसाठी एक सूचना. पीआयआरला माणूस दिसतो, कारण माणूस भिंतीपेक्षा ऊबदार असतो. मे महिन्यात दुपारी भिंतच पस्तीस-छत्तीस अंशांना आली की अंग आणि भिंत यांत फरक उरत नाही. अशा वेळी तुम्ही सेन्सरसमोर नाचलात तरी तो ढिम्म. थंड देशांतल्या घरांना ही अडचण क्वचित येते, म्हणून माहितीपत्रकात ती बारीक अक्षरात असते.

पीआयआरच्या आधीही एक प्रयत्न झाला होता, आवाजाचा. १८४२ मध्ये ख्रिश्चन डॉप्लर यांनी प्रागमध्ये तत्त्व मांडलं की हलणाऱ्या उगमाकडून येणारी लहर बदललेली जाणवते. तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये चक्क आगगाडीवर तुतारीवाले बसवून त्याची परीक्षा झाली. शंभरएक वर्षांनी, १९५०च्या दशकात, सॅम्युअल बॅग्नो या अमेरिकन माणसानं हेच तत्त्व चोर धरायला लावलं. खोलीत ऐकू न येणारा ध्वनी भरून ठेवायचा आणि परतणारा सूर बदलला तर घंटा वाजवायची. कल्पना छान. पण वाऱ्याच्या झुळकेनं पडदा हलला तरी गडबड व्हायची. पीआयआर स्वस्त झाल्यावर घरांतून हा प्रकार जवळपास गेला.

इथवर आपण चोराबद्दल बोलतोय, बघा. माझा मुद्दा इथेच आहे. चोराच्या बाबतीत यंत्रानं ‘कोणीतरी आहे’ एवढंच सांगायचं असतं. चोर काही तुमच्या हॉलमध्ये पुस्तक वाचत बसत नाही, तो हलतोच. यंत्र गप्प राहिलं तर त्या गप्प राहण्याचा अर्थ कुणी लावत नव्हतं. मग १९७३चं तेलसंकट आलं, विजेच्या बचतीची चर्चा सुरू झाली, आणि हेच यंत्र पुढे कचेऱ्यांमधले दिवे विझवायच्या कामाला जुंपलं गेलं. दिवा विझवायचा म्हणजे ‘कोणी नाही’ असं ठरवायचं. प्रश्न उलटा झाला, यंत्र तेच राहिलं. यंत्राचं मौन आता विधान झालं. टेबलाशी शांत बसून लिहिणाऱ्या माणसानं दर दहा मिनिटांनी हात वर करून हलवायचा, हा विनोदी प्रकार तुमच्यापैकी नोकरी केलेल्या अनेकांनी अनुभवला असेल.

आपल्याकडच्या दार्शनिकांनी हा प्रश्न फार बारकाईनं चघळलेला आहे. ‘जमिनीवर घडा नाही’ हे मला कळतं ते कशामुळे? सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी सांगितलं, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. न आढळणं हाच नसण्याचा पुरावा. नैयायिकांना ते मान्य नव्हतं. ते म्हणाले, अभावही प्रत्यक्षच दिसतो. बौद्ध धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानात बसवलं. भांडण कडाक्याचं. पण एका बाबतीत सगळे सावध होते. नुसतं न दिसणं पुरत नाही. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. धर्मकीर्तींचं पिशाचाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पिशाच मुळात दिसणाऱ्यांतलं नाही, त्यामुळे ते न दिसण्यावरून त्याचं नसणं सिद्ध होत नाही.

त्या सकाळी न्हाणीघराच्या फरशीवर मी पिशाच होतो. न हलणारा माणूस पीआयआरच्या दृष्टीनं दिसण्याला योग्यच नाही. तो असता तर दिसला असता, हे वाक्य तिथे खोटं आहे. ज्या म्हाताऱ्याच्या काळजीपोटी सेन्सर लावायचा, तो सगळ्यात जास्त संकटात असतो तेव्हाच हलत नाही.

मग उपाय? बाजारात गेली काही वर्षं रडारचे सेन्सर आलेत, दुकानात त्यांना ‘प्रेझेन्स सेन्सर’ म्हणतात. हे लहरी सोडतात आणि परतलेल्या लहरींत डॉप्लरचाच फरक शोधतात. लहर काही मिलिमीटरांची असल्यानं श्वासाबरोबर वरखाली होणारी छातीसुद्धा पकडतात. यातले बहुतेक २४ किंवा ६० गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे लहर साधारण साडेबारा किंवा पाच मिलिमीटरची. आता हे ऐका. याच पट्ट्यातल्या, पाच ते पंचवीस मिलिमीटरच्या लहरी १८९०च्या दशकात जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात स्वतः घडवलेल्या उपकरणांवर निर्माण करत होते. टाउन हॉलमधल्या प्रयोगात त्यांनी या लहरी माणसाच्या शरीरातून आणि भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली, दारू उडवून दाखवली. ती उपकरणं कोलकात्याच्या बोस संस्थेत जपून ठेवलेली आहेत. भिंतीला चिकटवायच्या काडेपेटीएवढ्या डबीकडे बघताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

पण बोसांच्या लहरी भिंतीपलीकडे गेल्या होत्या ना, तीच रडारची खोड. पातळ लाकडी पार्टिशनपलीकडे चाललेला माणूस तुमच्याच खोलीत आहे असं ते सांगू शकतं. आणि आपल्या घरांत छताला पंखा असतो! फिरणारा पंखा, हलणारा पडदा यांनाही रडार माणूस समजतं. म्हणजे इथे चूक उलट्या बाजूची, नसलेला माणूस ‘आहे’. शिवाय त्याला वीज जास्त लागते. पीआयआर एका छोट्या बॅटरीवर वर्ष-दोन वर्षं सहज काढतो, रडारला बहुतेक वेळा शेजारी प्लग हवा. वीज गेली की इन्व्हर्टरवर तो प्लग आहे का, हे आधी बघा.

तेव्हा त्या बाईंना माझं उत्तर असं. पॅसेज, जिना, कपाटाची खोली, जिथे माणूस फक्त येतो-जातो, तिथे पीआयआर घ्या, स्वस्तातला चालेल. दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, वाटेला आडवा बसवा, गॅसच्या शेगडीकडे किंवा उन्हाच्या खिडकीकडे तोंड नको. जिथे माणूस बसतो, झोपतो किंवा पडू शकतो तिथे रडार घ्या, आणि ज्यात अंतराची सीमा आखता येते असंच घ्या, म्हणजे पंखा आणि शेजारची खोली वगळता येते. मग स्वतः जमिनीवर, पलंगाच्या आडोशाला आडवे पडा आणि दहा मिनिटं हलू नका. मोबाइलवर ‘कोणी नाही’ आलं तर जागा बदला. दुकानदार ही परीक्षा सांगत नाही. न्हाणीघराच्या दाराला पोपसाहेबांचा साधा दाराचा सेन्सरही लावा. दार आतून लागलं, उघडलं नाही, तर माणूस आतच आहे. यंत्राला तो दिसो न दिसो, हे अनुमान पक्कं.

कॅमेऱ्याचं विचाराल, तर माझ्या मुलीनं तोच हट्ट धरला होता. “बाबा, निदान हॉलमध्ये तरी लावू.” मी नाही म्हटलं. मी घरात बनियनवर असतो, एकटा असलो की पत्नीच्या फोटोशी बोलतो, ते कुणी पाहावं असं मला वाटत नाही, मुलीनंसुद्धा. ती म्हणाली, “तुमच्या लाजेपायी मला रात्रभर झोप नाही.” तिचंही खरंच आहे. यावर आमचं अजून एकमत नाही. तूर्त न्हाणीघरात रडार आहे, दाराला सेन्सर आहे, आणि दार चाळीस मिनिटं उघडलं नाही तर तिच्या आधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा फोन वाजतो. मागच्या महिन्यात एकदा वाजला. मी आत वर्तमानपत्र वाचत होतो.

आता प्रश्न घेऊ या.