आगोट, वांटा आणि शीग

काटकसर व कृपणता यांमधील रेषा फार बारीक असते. पण खाडीकांठच्या माणसानें ती पिढ्यान् पिढ्या नीट ओळखली आहे. न्हावा आणि शेवा हीं मुंबईसमोरच्या किनाऱ्यावरील गांवें. आगरी भातशेती व मिठागरें पिकवीत, कोळी मासे धरीत. पावसाळ्यांत मिठागर बंद पडे आणि होडी किनाऱ्यावर ओढली जाई. म्हणून त्यापूर्वींच तांदूळ, मीठ, चिंच, सुकी मासळी यांची बेगमी करावी लागे. तिलाच ‘आगोट’ म्हणतात.

ही खरेदी मोठी गमतीची असे. गृहिणी सुक्या बोंबलांच्या वांट्याकडे पाहून प्रथम नाक मुरडी आणि मग निम्मा भाव सांगे. विक्रेती तिच्या सासरमाहेरची विचारपूस करी. भाव मात्र उतरवीत नसे. अखेर गृहिणी पाठ फिरवून चालूं लागे, आणि मागून हांक येई. ती हांक यावी म्हणून पावलें सावकाश टाकावयाचीं, हें लहान मुलींनाही ठाऊक असे. सौदा ठरल्यावरही मूठभर जवळा वर पडल्यावांचून टोपली उचलली जात नसे. तांदूळ मोजतांना पायली सपाट भरलेली चालत नसे, शीग हवीच.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं व या कलेस गणिताची जोड मिळाली. सरकारी कोष्टकांत १ आण्याचे ६ नवे पैसे होत, ४ आण्यांचे मात्र २५. म्हणजे आण्याआण्याच्या चार वस्तू एकदम घेतल्यास २५, आणि चार खेपांत घेतल्यास २४! एका पैशासाठीं चार खेपा घालणाऱ्यास शहाणे हंसतील. पण ज्याच्या घरीं चार महिने नवी मिळकत येत नाहीं, त्यास तो पैसा मोठाच वाटणार.

या साऱ्या घासाघिशीचें बळ एकाच गोष्टींत होतें: पाठ फिरवून निघून जाण्याची मोकळीक. पुढें नव्या मुंबईसाठीं व बंदरासाठीं सरकारनें जमिनी संपादन केल्या, तेव्हां नेमकी तीच मोकळीक उरली नाहीं. भाव पटला नाहीं तरी माल परत नेतां येईना. तेव्हां दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं गोळीबार झाला आणि पांच जणांनीं प्राण गमावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व या लढ्यांतूनच पुढें आलें. बंदर १९८९ सालीं सुरू झालें.

मूठभर जवळ्यासाठीं अडून बसणाऱ्यांस लोक चिक्कू म्हणत. पण हक्काची शीग मागण्याची संवय त्यांस आगोटीच्या बाजारानेंच लावली होती, आणि जमिनीचा सौदा समोर आला तेव्हां तीच उपयोगी पडली.