सीमेपलीकडचा प्याला

पोटासाठी परमुलखात गेलेला मजूर आपली व्यसने गाठोड्यात बांधून नेतो, असा सर्वत्र एक समज असतो. अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन लोकांविषयीही तो होताच. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

मेक्सिकोत घायपाताच्या जातीच्या एका वनस्पतीचा रस आंबवून ‘पुल्के’ नावाचे पेय फार प्राचीन काळापासून करीत आले आहेत. परंतु अॅझ्टेक राज्यात ते वाटेल त्याने प्यावे, अशी सोय नव्हती. सोळाव्या शतकातील ‘कोडेक्स मेंडोसा’ या चित्रग्रंथात दारूपायी देहदंड झालेले तरुण दाखविले आहेत. आणि त्याच पानावर, नातवंडे पाहिलेल्या सत्तरीच्या वृद्धांना मात्र पिण्याची मुभा आहे! पुढे स्पॅनिश अमलात ही बंधने सैल झाली. पुरुषांनी सणासुदीला भरपूर प्यावे, एरवी बेताने, आणि बायकांनी शक्यतो शिवूच नये, असा रिवाज पडला.

1942 साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि ‘ब्रासेरो’ मजूर अमेरिकेच्या शेतांवर जाऊ लागले. 1964 पर्यंत असे सुमारे 46 लक्ष करारनामे झाले. हे पुरुष छावण्यांत एकटे राहात. बायकामुले सीमेपलीकडे; सणाचे घर नाही, डोळे वटारणारे वडीलधारे नाहीत.

कालांतराने कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. 1984 साली तेथील लॅटिन वंशाच्या लोकांची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा मोठा फरक दिसला तो बायकांत. नव्या देशाची भाषा व रीत जितकी अंगवळणी पडलेली, तितके पिणाऱ्या बायकांचे प्रमाण अधिक! ज्या दाराने शिक्षण आणि मोकळीक आली, त्याच दाराने प्यालाही घरात आला.

सणाचेही तेच झाले. 5 मे 1862 रोजी पुएब्ला येथे मेक्सिकनांनी फ्रेंच फौजेचा पराभव केला. कॅलिफोर्नियातील मेक्सिकनांनी तो दिवस अभिमानाने पाळला. 1980 नंतरच्या दशकात बिअरच्या कारखानदारांनी जाहिरातींचा मारा करून त्याला बिअरचा सण बनविले.

तेव्हा सीमा ओलांडताना प्याला बरोबर आला असेल-नसेल; पण कोणी, केव्हा आणि किती प्यावे हे ठरविणारी घरची मर्यादा मागेच राहिली. मोकळीक तर हवीच. पण जुनी मर्यादा गेल्यावर नवी घालून घ्यायला एखाददुसरी पिढी खर्ची पडते, आणि तिची किंमत घरातलीच माणसे मोजतात.