पोल्किंगहॉर्न, जॉन चार्ल्टन

(१६ ऑक्टोबर १९३०–९ मार्च २०२१). इंग्लिश सैद्धांतिक भौतिकीविज्ञ, अँग्लिकन धर्मगुरू व ग्रंथकार. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापकपद सोडून त्यांनी धर्मसेवा पत्करली आणि विज्ञान व ख्रिस्ती श्रद्धा यांच्या परस्परसंबंधांविषयी विपुल लेखन केले.

त्यांचा जन्म समरसेट परगण्यातील वेस्टन-सुपर-मेअर येथे झाला. वडील टपाल खात्यात नोकरीस होते. जॉन यांच्या जन्मापूर्वी एक महिना त्यांची सहा वर्षांची बहीण मरण पावली. थोरले बंधू पीटर यांचा १९४२ मध्ये हवाई दलाच्या सेवेत असताना मृत्यू झाला. ट्रिनिटी कॉलेजातून गणिताची पदवी घेतल्यावर (१९५२) त्यांनी अब्दुस सलाम यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच्.डी. मिळविली (१९५५). त्याच वर्षी गणिताच्याच विद्यार्थिनी रूथ मार्टिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे मरी गेल-मान यांच्यासमवेत संशोधन व एडिंबरो येथे अध्यापन केल्यानंतर १९५८ मध्ये ते केंब्रिजला परतले. तेथे १९६८ मध्ये गणितीय भौतिकीच्या प्राध्यापकपदी त्यांची नियुक्ती झाली.

मूलकणांच्या टकरीतून काय निष्पन्न होईल, हे सांगणाऱ्या गणितीय फलनांचा त्यांनी अभ्यास केला. द ॲनॅलिटिक एस-मॅट्रिक्स (१९६६) हा त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ या विषयातील प्रमाणभूत ग्रंथ मानला जातो. १९७४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९७९ मध्ये त्यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला व वेस्टकॉट हाउस या धर्मशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. विज्ञानाविषयीचा भ्रमनिरास हे या निर्णयाचे कारण नव्हते. गणितप्रधान विषयांत नवनिर्मिती बहुधा तरुण वयात होते व आपल्या वाट्याचे काम झाले आहे, अशी त्यांची धारणा होती. धर्मगुरूपदाची दीक्षा घेतल्यावर (१९८२) त्यांनी ब्रिस्टल येथे व नंतर केंट परगण्यातील ब्लीन या खेड्यात काम केले. १९८६ मध्ये ते केंब्रिजला ट्रिनिटी हॉलचे डीन म्हणून परतले. पुढे क्वीन्स कॉलेजचे ते अध्यक्ष होते (१९८९–९६).

पोल्किंगहॉर्न यांच्या मते विज्ञान व ईश्वरविद्या एकाच वास्तवाचा दोन अंगांनी शोध घेतात. हा विचार ते एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट करीत : किटलीतील पाणी का उकळते, या प्रश्नाला ‘खाली ज्योत पेटली आहे म्हणून’ आणि ‘चहा करावयाचा आहे म्हणून’ अशी दोन उत्तरे संभवतात. दोन्ही खरी असून एकामुळे दुसरे बाद होत नाही. विज्ञानाला अद्याप न उलगडलेल्या जागी ईश्वराची स्थापना करणे त्यांना अमान्य होते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक व मेथडिस्ट पंथाचे प्रवचनकार चार्ल्स कूल्सन यांनीही पूर्वी हीच भूमिका मांडली होती. रोगराई व भूकंप यांसारख्या आपत्तींबाबत पोल्किंगहॉर्न म्हणत, की ईश्वराने माणसाप्रमाणे निसर्गालाही स्वतःच्या नियमांनुसार घडण्याची मोकळीक दिली असून दुःख ही तिची अटळ किंमत आहे. या विवेचनाने दुःखाची तीव्रता कमी होत नाही, याची त्यांना जाणीव होती.

ईश्वर जगात कार्य कसे करतो, याचे उत्तर त्यांनी अव्यवस्था सिद्धांताच्या आधारे सुचविले. त्या सिद्धांताची समीकरणे मुळात नियतिवादीच आहेत, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. हा त्यांच्या विचारातील सर्वांत वादग्रस्त भाग होय.

भ्रूणऊतींच्या संशोधनातील वापराबाबत ब्रिटिश शासनाने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. गर्भपाताचा निर्णय व ऊतींचा वापर हे प्रश्न एकमेकांपासून अलग ठेवावेत आणि स्त्रीची संमती घ्यावी, अशी शिफारस या समितीने १९८९ मध्ये केली. १९९७ मध्ये त्यांना नाइट किताब मिळाला. तथापि धर्मगुरूंच्या प्रथेस अनुसरून त्यांनी नावामागे ‘सर’ लावले नाही. २००२ मध्ये त्यांना टेंपल्टन पारितोषिक देण्यात आले.

वन वर्ल्ड (१९८६) व सायन्स अँड क्रिएशन (१९८८) हे त्यांचे उल्लेखनीय ग्रंथ होत. पुराव्यापासून तत्त्वाकडे जाण्याची वैज्ञानिकाची सवय त्यांनी धर्मविचारातही कायम ठेवली. मतभेद असणाऱ्यांनाही त्यांच्या लेखनाची दखल घ्यावी लागली, ती मुख्यतः याच कारणाने. केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.