क्लोराइड वाहिन्या (चेतासंस्था)

क्लोराइड वाहिन्या म्हणजे पेशीपटलात बसलेल्या व क्लोराइड आयनांना ये-जा करू देणाऱ्या प्रथिनांच्या नलिका होत. चेतापेशींत त्यांचे मुख्य कार्य आवर घालण्याचे आहे. चालणे, झोपणे, दचकणे, शिकणे या साऱ्या वर्तनांस हा आवर लागतो. तो सुटला तर प्राण्यास आचके येतात आणि अतोनात वाढला तर तो लुळा पडतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील भातखाचरांत आणि स्वयंपाकघरांत वापरल्या जाणाऱ्या काही कीटकनाशकांचे लक्ष्य याच वाहिन्या आहेत.

कार्य

विश्रांत चेतापेशीचा आतील भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. मेंदूत गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल (गाबा) आणि मेरुरज्जू व मस्तिष्कस्तंभात प्रामुख्याने ग्लायसिन ही रसायने ग्राहीला चिकटली की वाहिनी उघडते. या ग्राही-वाहिन्या प्रत्येकी पाच उपघटकांच्या बनलेल्या असतात. ऋणभारित क्लोराइड आत शिरल्याने पेशी अधिक ऋण होते, किंवा निदान उत्तेजक संकेत तिच्यापुढे फिके पडतात, आणि आवेग उमटत नाही.

मात्र ‘क्लोराइड म्हणजे नेहमी निरोध’ असे समजणे चूक ठरेल. अपरिपक्व चेतापेशींत आतील क्लोराइडचे प्रमाण परिपक्व पेशींपेक्षा जास्त असते. त्यामुळे वाहिनी उघडताच ते बाहेर पडते व तोच गाबा पेशीला उत्तेजित करतो. पुढे क्लोराइड बाहेर काढणारे वाहक प्रथिन वाढते आणि परिणाम उलटतो.

वनस्पतिज विषे

या वाहिन्या बंद पाडणारी दोन विषे भारतीय वनस्पतींत सापडतात. कोकणात आढळणाऱ्या काजऱ्याच्या (कुचला) बियांतील स्ट्रिकनीन ग्लायसिन-ग्राही अडवते. परस्परविरोधी स्नायूंना आळीपाळीने सैल करणारी यंत्रणा त्यामुळे कोलमडते. लहानशा आवाजाने वा स्पर्शानेही सर्वांग ताठ होते, पण शुद्ध बहुधा हरपत नाही. ग्लायसिन-ग्राहीच्या जनुकात जन्मजात दोष असल्यास माणसात व पोल हेरफर्ड जातीच्या वासरांत असाच अतिरेकी दचका दिसतो.

दुसरे विष काकमारीचे. पश्चिम घाटातही वाढणाऱ्या या वेलीची फळे कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात. मासेमारीची ही जुनी पद्धत आहे. तिच्या बियांतून १८१२ मध्ये वेगळे केलेले पिक्रोटॉक्सिन गाबा-वाहिनीचा मार्ग रोखते. बार्बिट्युरेट औषधे हीच वाहिनी अधिक काळ उघडी ठेवतात, म्हणून त्यांच्या विषबाधेवर एके काळी पिक्रोटॉक्सिन टोचले जाई.

कीटकांचे वर्तन

फळमाशीत गाबा-वाहिनीचे प्रथिन ‘आरडीएल’ जनुकापासून बनते. गंधस्मृतीशी संबंधित पेशींत ते वाढविल्यास माशी गंध व शिक्षा यांचा संबंध नीट शिकत नाही. कमी केल्यास अधिक चांगली शिकते. वाहिनी जास्त वेळ उघडी ठेवणारे उत्परिवर्तन असलेल्या माशा लवकर झोपी जातात. निरोध म्हणजे केवळ थांबणे नव्हे, हे या प्रयोगांतून दिसते.

ठाणे परिसरातील वापर

फिप्रोनिल हे कीटकनाशक गाबा-वाहिन्या तसेच कीटकांतील ग्लुटामेट-चलित क्लोराइड वाहिन्या बंद करते. भातावरील खोडकिड्यासाठी त्याचे दाणेदार रूप (०.३ टक्के) वापरले जाते. मुरबाड, शहापूर, भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील भाताचे तालुके होत. मधमाश्या आणि कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी प्राणी यांनाही ते अत्यंत विषारी असते, आणि पावसाळ्यात खाचरांत खेकडे असतातच.

शहरी सदनिकांत झुरळांसाठी जेलचे ठिपके लावले जातात. काही जेलमध्ये फिप्रोनिल असते. झुरळे एकमेकांची विष्ठा व मृत झुरळेही खातात, त्यामुळे जेलला न शिवलेल्या झुरळांपर्यंतही विष पोहोचते.

सस्तन प्राण्यांत ग्लुटामेट-चलित क्लोराइड वाहिन्या नसतात व त्यांच्या गाबा-वाहिनीला फिप्रोनिल कमी घट्ट चिकटते. म्हणूनच कुत्र्यामांजरांच्या गोचिडांवर ते फवारता येते. हा फवारा सशावर मात्र कदापि वापरू नये. त्याने झटके येऊन ससा दगावू शकतो. माणसाच्या पोटात ते मोठ्या प्रमाणात गेल्यास आकडी येते. विशिष्ट उतारा नसल्याने डायझेपामसारखी, गाबाचा परिणाम वाढविणारी औषधे देऊन आकडी आवरतात. कृमिनाशक आयव्हरमेक्टिन याउलट कृमींच्या ग्लुटामेट-चलित वाहिन्या उघड्या ठेवून त्यांना लुळे करते. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत हे औषध मेंदूबाहेर ठेवणारे प्रथिन सदोष असते. अशा कुत्र्यांना ते मोठ्या मात्रेत घातक ठरते.

प्रतिकारक्षमता

आरडीएल जनुकाचे नावच ‘डायल्ड्रिनला प्रतिकार’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले. वाहिनीतील एका ॲलानिनच्या जागी सेरीन आले की डायल्ड्रिन निष्प्रभ होते. डायल्ड्रिनवर भारतात बंदी आहे, आणि याच वाहिनीवर काम करणाऱ्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. उत्परिवर्तन मात्र मागे उरले आहे: जगात अनेक ठिकाणच्या जर्मन झुरळांत ते आढळते आणि फिप्रोनिललाही काही अंशी दाद देत नाही.