बिननंबरी गाडी

मोटारीच्या अलार्मला मराठीत स्वतःचा शब्द नाही. गजर घड्याळाचा असतो किंवा विठ्ठलनामाचा, भोंगा गिरणीचा. मोटारीचा तो नुसता 'अलार्म'. रात्री दोन वाजता तो सुरू झाला की 'कुणाची तरी गाडी वाजतेय' असं म्हणून आपण कूस बदलतो. शब्द इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे इटालियन 'आल् आर्मे', म्हणजे 'शस्त्रं उचला'. ही पहारेकऱ्याची आरोळी. एकाने ओरडायचं आणि ऐकणाऱ्यांनी धावत यायचं, हा करार त्या शब्दातच आहे. वाहन राखण्याचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा हाच करार दिसतो. कुलूप कसं सुधारत गेलं, ही त्या इतिहासाची एक बाजू झाली. धावत यायची जबाबदारी कुणाची होती आणि पुढे ती कुणाकडे गेली, ही दुसरी.

एके काळी हा करार कायदाच होता. इंग्लंडमध्ये १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने आरोळी ऐकणाऱ्या प्रत्येकाला चोराच्या मागे धावणं बंधनकारक केलं. चोर सापडला नाही तर नुकसानीचा भार त्या टापूवर पडे. आपल्याकडे हे काम जागल्याचं होतं. मराठी मुलखात चोरी झाली की गावचा महार किंवा रामोशी पावलांचा माग काढत जाई. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. जिथे तो विरला, त्या गावावर भरपाईची जोखीम. चोरीला गेलेल्या स्कूटरचा 'मागमूस लागला नाही' असं आज आपण म्हणतो, त्यातला माग तोच आहे.

या व्यवस्थेचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. राखण ज्यांच्याकडे होती त्या रामोशांनाच ब्रिटिश अमलात गुन्हेगार जमातींमध्ये गणलं गेलं, आणि आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. राखणारा आणि संशयित यांच्यातली रेघ कोण आखतो, हा प्रश्न तेव्हापासून राखणीला चिकटलेला आहे.

भिलाईत असं गावही नव्हतं आणि जागल्याही नव्हता. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती; पुढच्याच वर्षी जिल्हा पुनर्रचित मध्य प्रदेशात गेला आणि २००० साली छत्तीसगडमध्ये. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं आली आणि आकड्यांची नावं असलेल्या सेक्टरांमध्ये राहू लागली. शेजारी मल्याळी, समोर बंगाली, मागे विदर्भातला. कुणाच्याच आजोबांना कुणाचे आजोबा माहीत नव्हते. अशा वसाहतीत कारखान्याच्या तीन पाळ्यांना माणसं ने-आण करणारं वाहन म्हणजे सायकल.

सायकलही तेव्हा नव्याने देशी होत होती. सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियान्याची हीरो १९५६ ची. सायकलीला राखण होती ती मागच्या चाकाच्या कुलपाची: घोड्याच्या नालेसारखं वाकवलेलं पोलाद, त्यातून आऱ्यांमध्ये सरकणारा दांडा आणि एक बोटभर किल्ली. हे कुलूप चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलून खांद्यावर टाकली तर ते काहीच करू शकत नाही. म्हणून त्याच्या जोडीला दुसरी एक व्यवस्था लागत असे, सायकल स्टँडची. कारखान्याच्या फाटकापाशी, सिनेमागृहाबाहेर, स्टेशनवर. पत्र्याचं एक टोकन हँडलला, त्याच आकड्याचं दुसरं तुमच्या खिशात.

स्टँडवाला हा नव्या शहराचा जागल्या. १८७२ च्या करार कायद्याने त्याचं काम नेमकं सांगितलेलं आहे: दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यायची. स्टँडवर मात्र पाटी असते, 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर'. कायदा आणि पाटी यांचा हा वाद मिटायला २०१९ साल उजाडलं, आणि तोही मिटला तो एका मोटारीमुळे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात आलेल्या पाहुण्याने मारुती झेनची चावी तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात दिली; गाडी तिथूनच चोरीला गेली. एकवीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गाडी ताब्यात घेतलीत आणि निष्काळजीपणा झाला, तर पावतीवर काहीही छापलेलं असो, जबाबदारी तुमची. पत्र्याचं टोकन हातात ठेवणाऱ्या प्रत्येक स्टँडवाल्याला हे तत्त्व लागू पडतं. पण सायकलीसाठी एकवीस वर्षं कोर्टात जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

या ठिकाणी मला एका शीर्षकाच्या भाषांतराबद्दल बोलावंसं वाटतं. व्हित्तोरियो दे सीकाचा १९४८ चा चित्रपट इटालियनमध्ये अनेकवचनी आहे: 'लाद्री दी बिचिक्लेत्ते', सायकलींचे चोर. अमेरिकेत तो एकवचनात गेला, 'द बायसिकल थीफ'. एका 's'ने अर्थ बदलला. एकवचन म्हटलं की प्रेक्षक सिनेमाभर त्या एका चोराला शोधतो. अनेकवचनात शेवटी सायकल उचलणारा बापही येतो. मराठीत ही अडचणच येत नाही. 'चोर' एक असो की दहा, शब्द तोच. 'सायकलचोर' म्हटलं की नायकाची सायकल नेणारा आणि हताश होऊन दुसऱ्याची सायकल उचलणारा नायक, दोघेही त्यात मावतात. व्याकरणाने फुकट दिलेली ही दुविधा खरी आहे. सायकल गेली म्हणजे उद्याची हजेरी गेली, आणि हजेरी गेलेला माणूस दुसऱ्याच्या सायकलीकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. त्या सिनेमात रोमच्या पोलीस ठाण्यात नायकाची तक्रार लिहून घेतात आणि त्याला सांगतात, सायकल तूच शोध.

सायकलीनंतर स्कूटर आली. बजाज चेतक १९७२ ची. नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे हातात आलेली स्कूटर आणि तिची स्टेपनी दोन्ही जपावी लागत. हँडल एका बाजूला वळवून कुलूप लावायचं, शिवाय साखळी घालायची. मग मारुती ८००, डिसेंबर १९८३ पासून. मोटारीच्या चावीचा प्रवास जगात तोवर बराच झाला होता. सुरुवातीच्या मोटारींना हँडल मारावं लागे. १९४९ मध्ये क्रायस्लरने एकाच चावीने इंजिन सुरू करण्याची सोय आणली, आणि १९७० च्या सुमारास स्टिअरिंग जखडणारं कुलूप अमेरिकेत रूढ झालं. आपण ज्याला किल्ली म्हणतो तिला नागपूरकडे चाबी म्हणतात आणि मुंबईत चावी. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज 'शाव्ह' या एकाच शब्दाचे. दारापुरती असलेली चावी आता मोटारीचं इंजिनही चालवू लागली.

अलार्म या साखळीतला सगळ्यांत गोंगाटी दुवा. गाडीला धक्का बसला, दार उघडलं, काच फुटली, की एखादा स्विच किंवा कंपन ओळखणारा सेन्सर वीजमंडल पुरं करतो आणि सायरन वाजतो. यंत्र म्हणून तो चोख आहे. बिघाड ऐकणाऱ्यात आहे. ट्रक गेला, फटाका फुटला, मांजर बॉनेटवर बसलं, तरी तोच आवाज; दहा वेळा खोटा ठरलेला आवाज अकराव्या वेळी कोण ऐकणार? अमेरिकेत १९९७ मध्ये सात कोटी तीस लाख वाहनांच्या विमादाव्यांची छाननी झाली, तेव्हा अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदर घट दिसली नाही. मुंबईच्या चोर बाजाराबद्दल सांगतात, की त्याचं मूळ नाव 'शोर बाजार', गोंगाटामुळे पडलेलं. खरं असो वा नसो, अलार्मच्या बाबतीत प्रवास नेमका तोच झाला: शोर उरला आणि चोर निसटला.

मग उपाय आवाजातून बाहेर काढला गेला. चावीच्या डोक्यात एक इवलीशी चिप, चावीच्या खाचेभोवती तारेचं वेटोळं. चावी घातली की वेटोळं चिपला जागवतं, चिप आपला संकेत सांगते, आणि तो जुळला तरच इंजिनचा संगणक इंधन आणि ठिणगी देतो. याला 'इमोबिलायझर' म्हणतात, न हलू देणारा. भारतीय दंड संहितेच्या ३७८ व्या कलमात चोरीची व्याख्या वस्तू 'हलवणं' या क्रियेवरच उभी होती. हे यंत्र नेमकं त्याच क्रियापदावर बोट ठेवतं. युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशाने ते नव्या मोटारींना सक्तीचं केलं आणि १९९८ पर्यंत ते सार्वत्रिक झालं. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. २०२१-२२ मध्ये मिलवॉकी शहरातली पोरं किया आणि ह्युंडईच्या चिप नसलेल्या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करून नेऊ लागली. ते व्हिडिओ देशभर पसरले आणि चोऱ्याही. चिप बसवलेली गाडी सोडून चोर चिप नसलेल्या गाडीकडे वळला. चांगलं कुलूप चोरी थांबवतं त्यापेक्षा अधिक वेळा तिचा पत्ता बदलतं.

चिपच्या बरोबरीने राखणीला आला कागद. इंजिन नंबर, चॅसी नंबर, आणि इथल्या गाड्यांवरचं 'सीजी ०७', जे दुर्ग-भिलाईची ओळख आहे. न निघणाऱ्या कुलपाने बसवलेल्या, अशोकचक्राचा होलोग्राम असलेल्या उच्च सुरक्षा पाट्यांचा नियम २००१ चा. एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना त्या सक्तीच्या झाल्या. विमा असेल तर चोरीनंतर कंपनी दोन्ही चाव्या मागते, एफआयआरची प्रत मागते. २०२० मध्ये एका ट्रॅक्टरचोरीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की पोलिसांत तक्रार वेळेवर केली असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा नाकारता येणार नाही. म्हणजे धावत येणारा शेजारी गेला, तरी त्याच्या जागी पोलीस, परिवहन खातं, विमा कंपनी आणि न्यायालय आलं. ज्याची वही भरलेली, त्याच्यासाठी.

ज्याची वही नाही, त्याचं काय? भिलाईवर दीर्घकाळ काम केलेले मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 'क्लासेस ऑफ लेबर' या २०२० च्या पुस्तकात इथल्या लोकांच्या तोंडचा एक भेद पायाभूत मानला आहे: 'नौकरी' आणि 'काम'. नौकरी म्हणजे कारखान्याच्या पटावरची. काम म्हणजे ठेकेदाराकडचं, आज आहे, उद्या नाही. ऐंशीच्या दशकात साठ हजारांवर असलेला पट पुढे आटत गेला, ठेक्यावरची माणसं वाढली. नौकरीवाल्यांची सायकल स्कूटर झाली, मग मोटार. कामवाल्यांतले कितीतरी आजही आसपासच्या गावांहून सायकलीवरच येतात, हँडलला डबा टांगून. त्यांच्या वाहनाला चिप नाही, विमा नाही, पाटी नाही. पुण्यासारख्या शहरांत एके काळी सायकलीवर पालिकेचा कर होता आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. करच होता तो, पण त्या निमित्ताने सायकलीला एक नंबर मिळे. कर गेला ते बरंच झालं. त्याबरोबर नंबरही गेला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनाची चोरी तिने वेगळी काढली. शिक्षा सात वर्षांपर्यंत. दुसऱ्या टोकाला, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू चोरणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. ही तरतूद दयाळू आहे आणि मला ती पटते. भुकेपोटी हात मारणाऱ्याला तुरुंगात पाठवून काय मिळतं? पण त्याच्या जोडीला फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेने पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र ठरवली. म्हणजे पोलीस ती नोंदवहीत लिहितील, तुम्हाला दंडाधिकाऱ्याकडे पाठवतील, आणि आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. जुन्या संहितेत किमतीवरून असा भेद नव्हता. पाच वर्षं वापरलेल्या सायकलीची किंमत किती येते, हे कुठल्याही दुकानदाराला विचारा.

भिलाईच्या ठाण्यात हा शब्द हिंदीत येतो, 'असंज्ञेय': जे जाणलं जात नाही. मराठीत तो 'अदखलपात्र' आहे: ज्याची दखल घ्यावी इतकी त्याची पात्रता नाही. इंग्रजी शब्द पोलिसांच्या अधिकाराबद्दल बोलतो. मराठी शब्द ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याबद्दल, आपल्या सायकलीबद्दल बोलतोय. भाषांतरात अर्थ निसटतो अशी तक्रार आपण नेहमी करतो. इथे भाषांतराने तो उघडा केला आहे.

प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर, बहुधा पेडलच्या दांड्याखाली किंवा सीटच्या नळीवर, कारखान्याने एक नंबर ठोकलेला असतो. ग्रीस आणि चिखल पुसला की तो वाचता येतो. विकणाऱ्याने तो पावतीवर लिहिला, ठेकेदाराने हजेरीच्या वहीत, स्टँडवाल्याने टोकनच्या आकड्याशेजारी, तर सापडलेली सायकल कुणाची हे सांगणारा पुरावा तयार होईल. त्याला चिप लागत नाही की होलोग्राम. एक पेन लागतं, आणि ही नोंद ठेवण्यासारखी आहे असं वाटणारा एखादा माणूस.