कचेरीतला डीबीए : डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या बोलण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

डेटाबेस सांभाळणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिंजवडीतली काचेची इमारत आणि रात्रपाळीवरचा तरुण अभियंता येतो. महाराष्ट्रात मात्र हे काम करणारी एक मोठी जमात तहसील कचेऱ्यांत बसते. राज्याच्या ई-फेरफार प्रकल्पात जिल्ह्याला ‘डीडीई’ (डिस्ट्रिक्ट डोमेन एक्स्पर्ट) असतो आणि तालुक्याला ‘डीबीए’ (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर). आणि हा डीबीए म्हणजे नायब तहसीलदार. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर, बपेरा हे गाव आहे. तिथला शेतकरी धान घेऊन आधारभूत केंद्रावर जातो तेव्हा त्याच्या हातातला सातबारा याच मंडळींनी राखलेल्या डेटाबेसमधून निघालेला असतो. उतारा निघाला नाही, तर त्याच्या कानी एवढेच पडते की सर्व्हर डाऊन आहे. तेवढ्या वेळात तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार आणि पुण्यातला प्रोग्रामर यांच्यात काय बोलणे झाले, कोण वैतागले, कोणी कोणाची फिरकी घेतली आणि शेवटी गाठ कुठे सुटली, हे त्याला कळत नाही. आपल्यालाही कळत नाही. या बोलण्याकडे वळू पाहणाऱ्या नव्या अभ्यासकांच्या स्वागतासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

विषय थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्यांच्या नोंदी राखणे हेच ज्यांचे काम, ते लोक आपसांत, विशेषतः मोबाइल आणि संगणकाच्या पडद्यावर, कसे बोलतात? वरवर पाहता या बोलण्याचे दोन भाग पडतात. एका भागात इंडेक्स, बॅकअप, लॉक, क्वेरी यांची चर्चा. दुसऱ्यात चहा, साहेब, बदली, क्रिकेट आणि एकमेकांची थट्टा. पहिल्यात ज्ञान आहे आणि दुसऱ्यात वेळ दवडणे, असे मानून अभ्यासक दुसरा भाग गाळून टाकतो. ही चाळणी लावली की विषयाचा जीवच जातो, असे माझे म्हणणे आहे. अधिकृत अहवालात चुकीबद्दल ‘त्रुटी दूर केली’ एवढेच उरते. ती कशी झाली, कोणाच्या लक्षात कशी आली, पुन्हा होऊ नये म्हणून हात कुठे आवरायचा, हे सगळे थट्टेत जिवंत राहते. या व्यवसायाची चुकांची स्मृती त्याच्या विनोदात साठलेली असते.

हा रस्ता अगदी अनवट नाही. माहिती देण्याघेण्याशी संबंध नसलेले बोलणेही माणसांना एकत्र बांधते, हे ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच मांडले. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कारागिरांबरोबर वावरून ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. जेवताना हे कारागीर एकमेकांना बिघडलेल्या यंत्रांचे किस्से सांगत. छापील मार्गदर्शिकेत नसलेले ज्ञान त्या किश्श्यांतून एकाकडून दुसऱ्याकडे जात होते, हे ऑर यांनी दाखवले. आपल्याला अधिक जवळचा आधार सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या तिथल्या लोकांची वाक्यरचना रोजच्या सहवासाने कशी जवळ येत गेली, यावर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा लेख आजही भाषाविज्ञानाच्या वर्गात वाचला जातो. एका मराठी गावाने जगाच्या भाषाविज्ञानाला एवढे दिले असेल, तर आणखी एका गावाकडून सुरुवात करायला संकोचाचे कारण नाही.

आता या व्यवसायाकडे वळू. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. डॉनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यावर आधारित प्रश्नभाषा सुचवली. तिचेच रूप आज आपण एसक्यूएल म्हणून वापरतो. हे पाठ्यपुस्तकात आहे. पण आयबीएमच्या प्रयोगशाळेतला १९७६ चा किस्सा तितक्याच निष्ठेने सांगितला जातो. पंचवीस हजार डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्यांना दहा टक्के वाढ द्या, अशी आज्ञा दिली होती. काम संपल्यावर पाहतात तो कमी पगारवाले सगळेच पंचवीस हजारांवर पोचलेले! पगारानुसार लावलेल्या इंडेक्सवरून यंत्रणा पुढे सरकत होती. वाढ मिळालेली नोंद त्याच इंडेक्समध्ये पुढे जाऊन बसे आणि पुन्हा हाती लागून पुन्हा वाढे. दोष लक्षात आला तो दिवस हॅलोविनचा, म्हणून त्याला ‘हॅलोविन प्रॉब्लेम’ हे नाव पडले. नाव गमतीचे, पण आजही डेटाबेसचे इंजिन लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यापासून बचाव करावा लागतो. गमतीने पडलेले नाव इथे तांत्रिक संज्ञा होऊन बसले आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर चालवायची पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालवली. सुमारे तीनशे जीबी माहितीतली साडेचार जीबी उरेपर्यंत त्याच्या लक्षात आले नव्हते. बॅकअपच्या वेगवेगळ्या सोयी होत्या, त्या ऐन वेळी कामी आल्या नाहीत. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवले. कंपनीने ही दुरुस्ती जगाला थेट प्रक्षेपणातून दाखवली आणि त्या अभियंत्याला खलनायक केले नाही. ‘बॅकअप आहे की नाही हे रिस्टोअर करेपर्यंत देवालाही ठाऊक नसते’ या अर्थाचे विनोद या व्यवसायात आधीपासून होते. त्या रात्रीनंतर ते सांगणाऱ्याला दाखला मिळाला. नवशिक्याला नियम ऐकवला तर तो मान डोलावतो आणि विसरतो; विनोद ऐकवला तर दुसऱ्या दिवशी तो निमूटपणे बॅकअप तपासून येतो.

प्रत्येक विनोद एवढे काम करतो असे नाही. एक क्वेरी हॉटेलात शिरते, दोन टेबलांजवळ जाते आणि विचारते, ‘जॉइन होऊ का?’ हा विनोद जगभर फिरून जुना झाला आहे. तो आता कोणाला हसवत नाही. पण त्यावर कण्हणे हीच ओळखीची खूण झाली आहे. दुसरी खूण म्हणजे अनुभवी डीबीएचे ठरलेले उत्तर : ‘ते अवलंबून आहे’. विचारणारा चिडतो, बाकीचे हसतात, आणि मग खरी तांत्रिक चर्चा सुरू होते : तक्ता किती मोठा, वाचन जास्त की लेखन, इंडेक्स कशावर. थट्टेने दार उघडले नसते तर ही चर्चा झालीच नसती, की दार बंद राहूनही झाली असती, हे एकेका संभाषणात तपासून पाहण्यासारखे आहे.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. आपल्याकडे नोंदी राखण्याची शिस्त संगणकाच्या फार आधीची आहे. गाव नमुने एकवीस. सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांचा, त्यांची जोडी म्हणजे सातबारा. सहावा फेरफाराचा, आठ-अ खातेदारांचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. डेटाबेसवाला ज्याला ट्रान्झॅक्शन म्हणतो त्याचेच हे रूप आहे. एक तर पूर्ण होईल, नाही तर झालेच नाही असे धरले जाईल. २०२० पर्यंत सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडत नसत, त्याला कंस करत आणि शेजारी फेरफार क्रमांक येई. माहिती पुसायची नाही, फक्त ती चालू नाही एवढे दाखवायचे, ही रीत संगणकशास्त्राने अलीकडे शिकवायला घेतली. ‘ए.कु.मॅ.’ आणि ‘अ.पा.क.’ ही तलाठ्यांची संक्षेपाक्षरे : एक एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरसाठी, दुसरे अज्ञान वारसाच्या पालनकर्त्यासाठी. रकाना लहान आणि कायद्याचा अर्थ मोठा, या अडचणीतून ती जन्मली. कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय आहे, म्हणजे चूक होणार हे कायद्यालाही मान्य आहे.

हे सगळे संगणकावर चढवताना हस्तलिखित आणि पडद्यावरचा उतारा जुळेना. क्षेत्राची बेरीज चुके, खातेदार दुबार दिसे. विसंगतींचे ओडीसी अहवाल निघाले आणि ते ‘निरंक’ करणे हे तलाठ्यांचे, मंडळ अधिकाऱ्यांचे आणि डीबीएंचे रोजचे ध्येय झाले. या काळात त्यांच्या मोबाइल गटांवर जे लिहिले गेले, ते या अभ्यासक्षेत्राचे सोने आहे. समजा, एकाने विचारले, ‘साइट सगळ्यांचीच बंद हाये का?’ दुसरा म्हणाला, ‘माही त कालपासून सुट्टीवर हाये.’ तिसरा म्हणाला, ‘काही चालून नाही राहिली भाऊ, जेवून घ्या.’ वरकरणी ही टवाळी. पण पाहिले तर बिघाड कुठे आहे याचा शोध पूर्ण झाला आहे. दोघांच्या उत्तरांवरून विचारणाऱ्याला कळले की दोष आपल्या डोंगलचा, डिजिटल सहीचा (डीएससी) किंवा लॉगिनचा नाही, तो वरच्या सर्व्हरचा आहे. शिवाय थांबायला हरकत नाही, अशी सहकाऱ्यांची परवानगीही मिळाली. ओळी तीन, आणि त्यात निदान, दिलासा आणि जबाबदारीची वाटणी तिन्ही आले.

भंडाऱ्याचे स्थानही इथे महत्त्वाचे आहे. हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाबरोबर होता. इथे मालगुजारी होती, ती १९५१ मध्ये गेली. म्हणून आजही विदर्भात लोक तलाठ्याला पटवारी म्हणतात, आणि बपेऱ्याची सीमा ओलांडून बालाघाट जिल्ह्यात गेले की तिथेही पटवारीच भेटतो. मात्र त्याच्याकडे सातबारा नसतो, खसरा असतो. या पट्ट्यात झाडीबोली आहे, पोवारी आहे, हिंदी आहे, कचेरीची संस्कृतप्रचुर मराठी आहे आणि स्क्रीनवरची इंग्रजी आहे. एकच माणूस वरिष्ठांना ‘सादर’ लिहितो, बरोबरीच्याला ‘भाऊ’ म्हणतो आणि बिघाड सांगताना इंग्रजी शब्दांना मराठी प्रत्यय लावतो. भाषा कुठे बदलली हे टिपणे सोपे आहे. त्या क्षणी संभाषणात काय बदलले, हुकूम आला की सलगी वाढली, हे टिपणे हे खरे काम. कुपवाडचा धडा इथे उपयोगी पडेल.

दुसऱ्या टोकाला शहरातले डेटाबेसवाले आहेत. मोठ्या डेटाबेसांवरची ‘व्हीएलडीबी’ ही जागतिक परिषद १९९६ मध्ये मुंबईत भरली होती. आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन हे जगभर शिकवल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक आहेत. डेटाबेसमध्ये डॉक्टरेट केलेल्या आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. भूमी अभिलेखाचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि ई-फेरफारची आज्ञावलीही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुण्यातच घडवली. तरीही ‘नल’ म्हणजे रिकाम्या मूल्याच्या त्रासावर कोट्या करणारा अभियंता आणि मयत खातेदाराचे नाव वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर राहते म्हणून डोके धरणारा तलाठी, हे दोघे एकाच अडचणीबद्दल बोलत आहेत हे त्यांना सहसा ठाऊक नसते. दोघांपुढे प्रश्न एकच : नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. त्यामुळे या बोलण्यात तिसरा आवाजही आला आहे.

या वाटेने येणाऱ्यांना काही सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. गटातले बोलणे चार भिंतींआडचे असते; तिथे अधिकाऱ्याची थट्टा करणाऱ्याची नोकरी पणाला लागू शकते. परवानगीशिवाय ओळ उचलू नये, आणि परवानगी मिळाली तरी गाव, गट क्रमांक, खातेदार यांची ओळख पुसावी. थट्टेचे गुणगान करताना तिची बोच विसरू नये. ‘आधी शोधून तरी पाहा’ असे नवख्याला हिणवणारा विनोद शिकवत नाही, तो प्रश्न बंद करतो. कोण थट्टा करतो, कोणाची होते आणि कोण गप्प राहते, याची नोंद ठेवावी. बायका, कंत्राटी ऑपरेटर आणि नुकते रुजू झालेले तलाठी यांच्या मौनाला या अभ्यासात विनोदाइतकेच वजन आहे. आणि गमतीदार वाक्यांचा संग्रह करून थांबू नये. विनोदाच्या आधी काय बिघडले होते आणि नंतर कोणी काय दुरुस्त केले, हे बरोबर नसेल तर तो संग्रह फक्त करमणुकीचा ठरेल.

सुरुवातीला मोठ्या साधनांची गरज नाही. एका तालुक्याचा एक महिना घ्यावा. किती वेळा काम अडले, अडल्याचे कोणी कोणत्या शब्दांत सांगितले, त्यावर पहिले उत्तर तांत्रिक आले की थट्टेचे, आणि कोणत्या उत्तरानंतर काम लवकर सुटले, एवढे मांडावे. तसेच पुण्यातल्या एखाद्या डेटाबेस चमूचे करावे आणि दोन्ही शेजारी ठेवावे. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला इंडेक्स म्हणजे काय ते शिकावे लागेल, संगणकाच्या विद्यार्थ्याला फेरफार वाचता यावा लागेल. ज्याला दोन्ही शिकण्याची तयारी आहे त्याच्यासाठी हे क्षेत्र मोकळे आहे. त्यातून हाती येणाऱ्या गोष्टींचा पहिला उपयोग पुढची आज्ञावली लिहिणाऱ्यांनाच होईल, कारण आपली यंत्रणा कुठे टोचते हे त्यांना तक्रार अर्जापेक्षा तलाठ्यांच्या थट्टेत अधिक स्पष्ट दिसेल.